शेपटीकडची तीन अक्षरं

दसरा जवळ आला की चंदीगडजवळच्या खरडमधल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणं बंद करावं लागतं. आजूबाजूच्या शेतांतलं धान कापून झालेलं असतं, मागे उरलेली धसकटं, इथे त्याला पराली म्हणतात, पेटवलेली असतात, आणि तो धूर ओढण्यांमध्ये असा काही बसतो की दोनदा धुतल्याशिवाय निघत नाही. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, दुपारचा सूर्यसुद्धा आजारातून उठल्यासारखा दिसतो. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी सकाळी दुधाची पिशवी उचलताना म्हणतात, "आ गया जी मौसम." मी "हां जी, आ गया" म्हणते. त्यांना बिचाऱ्यांना वाटतं, आम्ही दोघी एकाच मोसमाबद्दल बोलतोय.

माझा मोसम वेगळा. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण धुराचा पहिला वास आला की हाताला रबरी मोज्यांच्या आतल्या पावडरीचा वास येऊ लागतो आणि कुणाशी धड बोलावंसं वाटत नाही. माझे विद्यार्थी आपसांत म्हणतात, "मॅम का मूड ऑफ है यार." असू दे ऑफ. वर्षातून एवढा एक महिना मी तो हक्काने ऑफ ठेवते.

सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंगमध्ये मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्र शिकवते. बाहेर गेल्या वर्षी निवड झालेल्यांचे दाराएवढे फोटो, खाली समोशाची गाडी, आत एसीच्या घरघरीत बसलेली शंभरेक पोरं. आणि नेमका याच दिवसांत पेशीचा धडा येतो. मी फळ्यावर मोठा गोल काढते, आत छोटे-मोठे गोल काढते आणि सांगते की पेशीत प्रोटीन बनतं एकीकडे आणि कामाला जातं दुसरीकडे. कुणी केंद्रकात, कुणी मायटोकॉन्ड्रियात, कुणी थेट पेशीच्या बाहेर. त्यांना वाट कोण दाखवतं? कुणी नाही. प्रत्येकाचा पत्ता त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ धरली, तर बहुतेकांचा पत्ता माळेच्या तोंडाशी असतो, सुरुवातीच्या काही मण्यांत. दारावर तो वाचला जातो, प्रोटीन आत घेतलं जातं, आणि मग पुष्कळदा तो पत्ता कापून टाकला जातो. काम झालं की पत्त्याला कोण विचारतं!

"आणि काही थोड्यांचा पत्ता शेपटीला असतो," मी सांगते. "शेवटचे तीन मणी. बस, तीन. कागदावर लिहिताना प्रत्येक मण्याचं एक अक्षर. पेरॉक्सिसोम नावाच्या इवल्याशा पिशव्यांमध्ये जाणारी बरीच प्रोटीनं अशी असतात." मग कुणीतरी हमखास विचारतं, "मॅम, ये एग्झाम में आता है?" मी म्हणते, नाही येत. लगेच पेनं खाली ठेवली जातात. त्या तीन मण्यांपायी माझ्या आयुष्याची दिशा बदलली हे त्यांना सांगून काय उपयोग, तेही एग्झाममध्ये येत नाही.

हे शहर पत्त्यांचं मोठं पक्कं. सेक्टर सांगा, घर नंबर सांगा, डोळे झाकून माणूस पोचतो. आमच्या अकोल्यात पत्ता म्हणजे मारुतीच्या देवळाच्या मागे, पानठेल्याच्या बाजूला, पिवळं फाटक. आणि तिथे येऊनही शेवटी कुणाला तरी विचारावं लागतं. मी नवीन आले तेव्हा या आकड्यांवर भाळले होते. वाटलं, जिथे सगळ्याला नंबर आहे तिथे चुकीच्या जागी कुणी पडून राहणार नाही. ज्या लॅबमध्ये मी पीएच.डी. करत होते ती कुठल्या सेक्टरमध्ये होती, ते मात्र इथे सांगत नाही. सांगितलं की लगेच नाव कळतं, पत्ते पक्के असण्याचा हाही एक तोटा.

त्या लॅबमध्ये एक नळी होती. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर सरांच्या तरुणपणच्या अक्षरात काही लिहिलेलं. सर परदेशात शिकत असताना त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्यातला डीएनए, म्हणजे वेक्टर, घडवला होता आणि येताना बरोबर आणला होता. त्याचं काम असं: तुम्हाला ज्या प्रोटीनचा शोध घ्यायचाय त्याचं जनुक त्यात बसवायचं, की पेशी ते प्रोटीन बनवताना त्याच्या शेपटीला एक हिरवा चमकणारा तुकडा, म्हणजे टॅग, जोडून देते. मग मायक्रोस्कोपखाली पाहायचं, हिरवं कुठे दिसतंय. जिथे हिरवं, तिथे तुमचं प्रोटीन राहतं.

नवीन विद्यार्थी आला की सर स्वतः त्या नळीतला थेंब त्याला काढून देत. बाकीचे भोवती उभे राहत. ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा हिरवं दिसेल त्या दिवशी त्याने घरची मिठाई आणायची, ही लॅबची रीत. माझी मैत्रीण जसलीन, खरडमध्ये आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो, तिने पिन्नी आणली होती. मी आईने कुरिअरने पाठवलेले रव्याचे लाडू नेले. सरांनी दोन खाल्ले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बढ़िया बेटा. अब तुम भी हमारी फॅमिली हो." हात हलका होता. माझे वडील जाऊन त्या वेळी फार दिवस झाले नव्हते. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, हेही खरं आहे.

माझं प्रोटीन पेशीभर पसरलेलं दिसायचं. सगळीकडे सारखंच फिकट हिरवं, पाण्यात रंग कालवल्यासारखं. म्हणजे ते कुठल्याच पिशवीत जात नाही, मोकळंच तरंगतं, असा निष्कर्ष. माझ्या आधी लॅबमध्ये असलेल्या सीनियर दीदीने याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रोटीनवर काम केलं होतं, तिलाही असंच दिसलं होतं, तिचा पेपर छापून आला होता, तिला दूर दक्षिणेत चांगली नोकरीही लागली होती. मी तिच्याच वाटेने चालले होते. वाट मळलेली होती, शंका यायचं काही कारण नव्हतं.

आणि मग तो धुराचा मोसम आला. फेलोशिपचं शेवटचं वर्ष होतं आणि मी थिसिससाठी आकृत्या काढायला बसले होते. जनुकाचा लांब पट्टा काढला, त्याच्या शेपटीला हिरवा चौकोन जोडला, शेवटची अक्षरं लिहिली आणि पेन्सिल हातातच राहिली. शेवटची तीन अक्षरं. पुस्तकात पेरॉक्सिसोमच्या पत्त्याची जी तीन अक्षरं देतात ती नव्हती, पण त्यांची जवळची भावंडं होती. म्हणून तर इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत भरली नाहीत. आणि त्यांच्यावर, नेमकं त्यांच्यावरच, आम्ही आमचा हिरवा चौकोन चिकटवून ठेवला होता. पत्ता झाकून पत्र टाकायचं आणि वर म्हणायचं, याला घरच नाही!

लॅबमधल्या इतरांच्या प्रोटीनांचे पत्ते तोंडाशी होते. त्यांना सरांची नळी लागू पडत होती. मला आणि दीदीला नव्हती. इतकी साधी गोष्ट.

त्याच आठवड्यात घरून धाकट्या भावाच्या लग्नपत्रिकेचा नमुना आला होता. पत्रिकेत खाली नातेवाइकांची रांग असते ना, तिथे माझं नाव, आणि नावापुढे डॉ. मी आईला फोन केला. म्हटलं, अगं, अजून झाले नाही मी, काढून टाक ते.

"कायले काढू व?" आई म्हणाली. "लगन उन्हाळ्यात हाय. तवरोक होशीन ना तू? साऱ्या गावाले सांगून रायली मी."

"आई, असं लिहीत नाहीत आधी."

"तुह्या बापानं लिवलं असतं," आई म्हणाली. पत्रिका तशीच छापली गेली.

मी दुसरा डीएनए जुळवला, हिरवा तुकडा या वेळी तोंडाशी लावून, शेपटी मोकळी सोडून. सरांना सांगितलं नाही. म्हटलं, दिसलं तर सांगू. दुपारची वेळ होती. मायक्रोस्कोपच्या खोलीत पडदे ओढलेले, तरी दारातून धुराचा वास येत होता. डोळा लावला आणि पेशीभर बारीक हिरवे ठिपके दिसले. अनारशावर खसखस टिपावी तसे. पसरट फिकेपणा गेला होता. माझ्या प्रोटीनला घर होतं, आणि ते तिथे गेलं होतं. मी जसलीनला हाताला धरून ओढत आणलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "ओए, तू तो गई काम से." मला वाटलं ती कौतुक करतेय.

सरांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बेटा, ये क्लम्प्स हैं. टॅग आगे लगाओगी तो प्रोटीन ठीक से फोल्ड नहीं होगा, गुठली बन जाएगी." शंका रास्त होती. मी मान्य करून परत कामाला लागले. ठिपकेवाल्या त्या प्रोटीनची फक्त शेवटची तीन अक्षरं कापली, बाकी काही बदललं नाही. गुठळ्या असत्या तर तशाच राहिल्या असत्या. ठिपके गेले. पुन्हा सगळीकडे फिकट हिरवं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. याहून स्वच्छ उत्तर मला आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला मिळालेलं नाही.

या वेळी सरांनी शास्त्राचं काही काढलं नाही. मायक्रोस्कोपवरून उठले, चष्मा पुसला. "तुम्हारी सीनियर का क्या होगा, सोचा है?" म्हणाले. "उसका पूरा पेपर इसी पे है. नई-नई नौकरी है उसकी." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसाच, लाडवांच्या दिवशी ठेवला होता तसा. "अभी रहने दो, बेटा. पुराने डेटा पे थीसिस लिख दो, मैं कल साइन कर दूँगा. बाद में देखेंगे."

सर वाईट नव्हते, हीच खरी अडचण. मला डेंग्यू झाला तेव्हा त्यांच्या घरून रोज खिचडी यायची. थंडीचे कपडे नव्हते म्हणून त्यांच्या पत्नीने मला स्वतःची शाल दिली होती. दुष्ट माणूस असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. प्रेमाने "रहने दो" म्हणणाऱ्याला काय म्हणायचं, हे मला आजही उमगलेलं नाही. त्यांनी मला वाचवायचाच प्रयत्न केला होता. खोट्यात ढकलून.

मी राहू दिलं नाही. थिसिसमध्ये ठिपके लिहिले, तीन अक्षरं लिहिली, जुनं चित्र चुकीचं का ते लिहिलं. सरांनी सही केली नाही. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त सही केली नाही. मी कमिटीतल्या दोघांना भेटले. दोघांनी चहा पाजला आणि समजुतीने घ्यायला सांगितलं. फेलोशिपची मुदत संपली. जसलीन तिचा थिसिस देऊन कॅनडाला गेली आणि फ्लॅटचं सगळं भाडं माझ्यावर आलं. भावाच्या लग्नात मामेबहिणींनी "डॉक्टर ताई, डॉक्टर ताई" करून फोटो काढले. मी सगळ्यांत हसले आहे. ते फोटो आईने फ्रेम करून लावलेत.

मग अकोल्याला परत जायचं तर कुठल्या तोंडाने? आई अजूनही शेजारी सांगते, पोरगी चंदीगडले डॉक्टर हाय, मोठ्या पोराइले शिकवते. त्यातला अर्धा भाग खरा आहे. म्हणून मी इथेच राहिले, जिथे बनले तिथेच तरंगत. अशा प्रोटीनचं पुढे काय होतं हे मी वर्गात सांगते. पेशी त्याला परत पाठवत नाही, नवा पत्ता लिहून देत नाही. थोडा काळ ठेवते, मग तुकडे करून मणी दुसऱ्या माळेला वापरते.

एक आजारही सांगते, तोही परीक्षेत येत नाही. काही मुलांच्या यकृतात एक प्रोटीन धडधाकट असतं, त्याला त्याचं काम येत असतं. पण त्याच्या घडणीत बारीकशी खोट असते आणि ते पेरॉक्सिसोममध्ये जायचं सोडून मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. तिथे त्याचं काम पडतच नाही. आणि इकडे त्या लेकरांच्या मूत्रपिंडात खडे साचत जातात. दर वर्षी हे सांगताना माझा आवाज चढतो. "काम आता था उसको," मी म्हणते, "पूरा काम आता था." पोरं एकमेकांकडे बघतात. मूड ऑफ.

यंदाच्या दसऱ्याला इथल्या मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला होता. बदली होऊन आलेली कुटुंबं, बँकेतले, ऑडिटमधले, हॉस्पिटलमधले. मी सहसा जात नाही. त्या दिवशी घरात धुराने जीव घुसमटला म्हणून गेले. आपट्याची पानं इथे कुठून मिळणार? लोक रस्त्याकडेच्या कचनारची आणतात. तेही तसंच दोन पाळ्यांचं पान, आकाराने मोठं. आपटा नव्हे हे सगळ्यांना माहीत असतं, पण चालतं. सगळे एकमेकांना ते देतात आणि "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणतात.

तिथे एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचे नागपूरचे. "ही आमची ऋतुजा. पीएच.डी. करतेय, शेवटचं वर्ष. तुम्ही पेशींचं शिकवता ना, म्हटलं ओळख करून द्यावी." मग हसत म्हणाल्या, "डिसेंबरात हिचा थिसिस गेला की मार्चमध्ये लग्न. पत्रिकेत नावापुढे डॉ. आलं की आम्ही सुटलो बाई!" आणि त्या दुसऱ्या कुणाला पान द्यायला वळल्या.

मी विचारलं, कुणाकडे करतेस? तिने सरांचं नाव घेतलं.

"जनवरी में रिटायर हो रहे हैं," ती म्हणाली. "मैं उनकी लास्ट स्टूडेंट हूँ." मराठी तिला सगळं कळत होतं, उत्तर मात्र हिंदीत येत होतं. तिने आपणहून फोन काढला. "मॅम, देखिए ना, मेरा प्रोटीन."

पेशीभर पसरलेलं फिकट हिरवं. मी ते कुठेही ओळखलं असतं. हॉलमध्ये कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो" करत होतं आणि माझे कान बंद झाले होते.

"शेवटची तीन अक्षरं काय आहेत याची?" मी विचारलं.

तिने सांगितली. तीच भावंडं, एखादं अक्षर इकडे-तिकडे.

"आणि टॅग मागे लावलायस?"

"हां, सर का वेक्टर है ना. सब वही यूज़ करते हैं."

मी तिला सांगितलं. पत्ता कुठे आहे, त्यावर काय चिकटलंय, पुढे लावलं तर काय दिसेल. मुलगी हुशार होती. मला निम्मंच सांगावं लागलं. उरलेलं तिच्या चेहऱ्यावर उतरताना दिसलं. तिने आधी फोनकडे पाहिलं, मग हॉलच्या पलीकडे पानं वाटत हसणाऱ्या आपल्या आईकडे पाहिलं.

"तो मॅम... फिर से करूँ सब?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "सर साइन करेंगे? डिसेंबर तो आ ही गया." आणि मग, माझ्याकडे न बघता, "या फिर रहने दूँ?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. कुणीतरी विचारावं आणि मी ताठ मानेने सांगावं, कर, पुन्हा कर, खरं लिही. वाक्यं पाठ होती. पण माझ्या डोळ्यांसमोर आईच्या भिंतीवरची फ्रेम आली, चहा पाजणारे ते दोघे आले, सेक्टर ३४ चा जिना आला. मला हिची दया आली का, की माझ्यापाशी हरलेल्याची चीड होती आणि आता कुणीच जिंकू नये असं वाटलं, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

"राहू दे," मी म्हणाले.

तिने सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की मलाच तिच्याकडे बघवेना. "थँक यू मॅम, थँक यू सो मच." हातातलं कचनारचं पान तिने माझ्या हातात ठेवलं आणि आईने शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, आणि त्यात मायाही होती.